पोकळ गिटार, स्वस्त पिकअप आणि विशेषणांचा बाजार

हौशी गिटारवादकांच्या जगात एक सल्ला न मागता मिळतो. गिटारीचा आवाज मनाजोगता येत नाही, अशी तक्रार कुणी केली की समोरचा क्षणभरही न थांबता म्हणतो, 'पिकअप बदला.' पाठोपाठ एखाद्या अमेरिकन कारागिराचे नाव येते, आणि मग किंमत. मध्यम किमतीच्या वाद्याच्या बाबतीत ही किंमत कित्येकदा गिटारीच्या निम्म्या मोलाला जाऊन भिडते. पोकळ अंगाच्या इलेक्ट्रिक गिटारीसंबंधी तर हा सल्ला जितका सर्रास दिला जातो तितकाच अविचाराने दिला जातो, असे आमचे मत आहे. पिकअप बदलूच नयेत, असे आम्हांला म्हणायचे नाही. बदलायचेच असतील तर स्वस्तातले, परंतु डोळसपणे निवडलेले पिकअप अशा गिटारीला पुरतात आणि पुष्कळदा महागड्यांपेक्षा अधिक मानवतात, एवढेच येथे मांडायचे आहे.

मराठी साहित्य शिकवणाऱ्या दोघांनी या भानगडीत का पडावे, असा प्रश्न सुज्ञ वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. एक कारण अगदी व्यावहारिक आहे. आमचा एक तरुण सहकारी तासिका तत्त्वावर शिकवतो आणि उरलेल्या वेळात जॅझ वाजवतो. त्याच्याकडे चिनी बनावटीची, कमानदार पोटाची पोकळ गिटार आहे. एका दुकानात त्याला ऐकवण्यात आले की या वाद्यात अमुक एक अमेरिकन जोडी बसवल्याशिवाय ते 'वाजवण्याच्या लायकीचे' होणार नाही. जोडीची किंमत त्याच्या दोन महिन्यांच्या मानधनाएवढी होती, आणि हे मानधन दरमहा हाती पडतेच असे नाही, हे महाविद्यालयांशी संबंध असलेल्यांना सांगायला नको. दुसरे कारण आमच्या व्यवसायाशी निगडित आहे. पिकअपविषयीचे लेखन वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की येथे विद्युतशास्त्र थोडे आणि समीक्षा फार आहे. तीही विशेषणांची समीक्षा. विशेषणांशी आमचा संबंध जुना आहे.

प्रथम थोडे यंत्राविषयी. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती, किंवा चुंबकाला टेकलेल्या लोखंडी खुंट्यांभोवती, हजारो वेढे देऊन गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. ही तार सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसासारखी असते. वरून जाणारी गिटारीची पोलादी तार या चुंबकामुळे स्वतःही चुंबकित होते. ती थरथरली की खालच्या गुंडाळीत सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. म्हणजे मायक्रोफोन जसा हवेतला ध्वनी ग्रहण करतो तसा पिकअप करीत नाही. तो तारेची हालचाल टिपतो. मग गिटार पोकळ असली काय आणि भरीव असली काय, फरक का पडावा?

पडतो, कारण तार एकटी थरथरत नाही. तिची शक्ती घोडीतून खालच्या लाकडात उतरते. भरीव गिटारीचा ठोकळा जड असल्यामुळे ही शक्ती फारशी स्वीकारत नाही, म्हणून तिथे स्वर लांबतो. पोकळ गिटारीचे पोट पातळ आणि हलके. ते शक्ती चटकन घेते आणि हवेत उधळून टाकते. त्यामुळे स्वराचा आरंभ टपोरा होतो आणि तो लवकर विरतो. जॅझच्या गतिमान वादनाला हे विरणे पोषकच ठरते. शिवाय पिकअप त्याच थरथरणाऱ्या पोटात बसवलेला असल्याने तोही किंचित हलतो, आणि तार व पिकअप यांच्यातले सापेक्ष अंतर आणखी एका रीतीने बदलत राहते. मिरजेच्या तंबोऱ्यांशी परिचय असलेल्या वाचकाला हे चटकन पटेल. तंबोऱ्याचा नाद केवळ तारांचा, किंवा केवळ भोपळ्याचा, असे कुणी म्हणत नाही. भोपळा, तबकडी, घोडी, घोडीवर काढलेली जवारी आणि तिच्यावरचा दोरा या साऱ्यांचा मिळून तो नाद असतो, आणि जाणता कारागीर एक भाग पाहताना बाकीचे विसरत नाही. पोकळ गिटारीतला पिकअप हा अशाच कुटुंबातला एक घटक आहे. दुकानातल्या काचेखाली तो एकटा दिसतो, म्हणून तोच कर्ता पुरुष वाटतो.

आपल्याकडेही असे कमानदार पोटाचे वाद्य रागसंगीतात येऊन गेले आहे. 'कॉल ऑफ द व्हॅली' या १९६७ च्या ध्वनिमुद्रिकेतली गिटार वाजवणारे पंडित ब्रिजभूषण काब्रा यांचे वाद्य मुळात गिब्सनची अशीच एक गिटार होती. तिच्यात फेरफार करून, मांडीवर आडवी घेऊन ते ती वाजवीत. असो, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता इतिहासाकडे वळू, कारण महागडी जोडी विकली जाते ती इतिहासाच्या नावाने. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या कॅलमझू या गावी गिब्सन कंपनीने १९३६ मध्ये 'इएस-१५०' ही गिटार बाजारात आणली. नावातले दीडशे हे सुमारे दीडशे डॉलर या किमतीवरून आले, आणि तेवढ्यात गिटारीसोबत अ‍ॅम्प्लिफायरही मिळे. कंपनीच्या दृष्टीने हे काही मानाचे पान नव्हते. श्रीमंती कोरीवकामाच्या गिटारी वेगळ्या होत्या. १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात दाखल झालेल्या चार्ली ख्रिश्चनने मात्र या वाद्यावर जे वाजवले त्याने गिटार तालवाद्याच्या रांगेतून उठून सॅक्सोफोनच्या शेजारी जाऊन बसली. १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, तो गेला. त्याच्या गिटारीतला पट्टीचा पिकअप पुढे त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. त्या पिकअपचे जड चुंबक पोटाच्या आत लपलेले असत, आणि वरून फक्त तीन स्क्रू दिसत.

याहून बोलके उदाहरण 'इएस-१७५'चे. ही १९४९ मध्ये आली. तिचे पोट अखंड लाकूड कोरून घडवलेले नव्हते. लाकडाचे पातळ थर चिकटवून, साच्यात दाबून ते केलेले होते. सरळ बोलायचे तर प्लायवूड. हेतू काटकसरीचा होता. पण या प्लायवूडचा एक अनपेक्षित फायदा झाला. कोरीव पोट ध्वनिवर्धकासमोर ज्या सहजतेने घुमू लागते त्या सहजतेने हे घुमत नसे. जिम हॉल, जो पास यांच्यासारख्यांनी हेच वाद्य हाती घेतले आणि आज जॅझ गिटारीचा म्हणून जो नाद आपल्या कानात बसला आहे तो मोठ्या प्रमाणावर या स्वस्त पोटाचा आहे. सुरुवातीला तिच्यात पी-९० नावाचे एकेरी गुंडाळीचे पिकअप असत, १९५७ पासून दुहेरी गुंडाळीचे हंबकर आले. आमच्या सहकाऱ्याच्या चिनी गिटारीला 'ती तर प्लायवूडची' म्हणून हिणवणाऱ्या विक्रेत्याने त्याच दमात 'इएस-१७५'चे गुणगान केले होते, ही गंमत नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

हंबकरचा जनक सेथ लव्हर. एकेरी गुंडाळी आजूबाजूच्या विजेच्या तारांची घरघरही टिपते. दोन गुंडाळ्या उलट दिशांनी जोडल्या आणि त्यांखालचे चुंबकध्रुवही उलट ठेवले तर घरघर परस्परांना खोडते आणि तारेचा स्वर मात्र दुणावतो, ही त्याची युक्ती. त्याने १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. ते १९५९ मध्ये मिळाले. मधल्या काळातल्या आणि पुढे १९६२ पर्यंतच्या पिकअपच्या पाठीवर 'पेटंट अप्लाइड फॉर' अशी चिठ्ठी असे. तिच्या आद्याक्षरांवरून त्यांना 'पीएएफ' म्हणतात. पुढे चिठ्ठीवर पेटंटचा क्रमांक आला, तोही हंबकरचा नव्हे; लेस पॉलच्या तारा अडकवण्याच्या पट्टीचा होता. अशा या 'पीएएफ'चा हुबेहूब नाद देण्याचे वचन आज पिकअपच्या असंख्य वेष्टनांवर आढळते.

येथे आम्हां मराठीवाल्यांना राहवत नाही. हुबेहूब कुणाचा? सुरुवातीच्या गुंडाळणी यंत्रांना वेढे पूर्ण होताच आपोआप थांबण्याची सोय नव्हती. कामगार अंदाजाने थांबवत. त्यामुळे दोन पिकअपचा विद्युतरोध सारखा नसे. कुठे साडेसात किलोओहम, तर कुठे जवळजवळ नऊ. एकाच पिकअपच्या दोन गुंडाळ्यांतही वेढे कमीजास्त. चुंबक अ‍ॅल्निकोचेच, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचे, पण त्या मिश्रधातूच्या निरनिराळ्या प्रतींचे. हाताला येईल तो बसवला जाई. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, हे आपण वर्गात शिकवतो. आणि त्यांच्यापुढे होत्या त्या नकला, परस्परांशी न जुळणाऱ्या, हेही सांगतो. पाठचिकित्सेचा साधा धडा असा की पाठभेद असतील तिथे 'मूळ प्रत' हा शब्द जपून वापरावा. 'पीएएफ'च्या बाबतीत तर मूळ प्रत अशी कधी नव्हतीच. जन्मतःच सगळे पाठभेद होते. तेव्हा एका विशिष्ट, सुंदर निघालेल्या जुन्या पिकअपची कुणी मेहनतीने नक्कल करील तर ती अवश्य करावी; पण ती नक्कल एका पाठाची आहे आणि तो पाठ तुमच्या गिटारीला जुळेलच असे नाही, एवढे ग्राहकाला सांगायला हवे. ते सांगितले जात नाही.

सांगितली जातात ती विशेषणे. उबदार, मधाळ, लाकडी, काचेरी, मलईदार, आणि निंदेसाठी चिखलट. कवितेवरील उत्तरपत्रिकेत 'भावस्पर्शी' हा शब्द वाचून आम्ही समासात लिहितो, 'कशामुळे?' तोच प्रश्न येथे विचारून पाहावा. 'उबदार' म्हणजे काय, तर बहुतेक वेळा वरच्या पट्टीतील कंपने कमी. ती कमी करण्यासाठी गिटारीवर एक गोल बटण आधीपासून बसवलेले असते, आणि ते फिरवायला पैसे पडत नाहीत. 'चिखलट' म्हणजे खालच्या पट्टीत गर्दी. ती बहुधा पिकअप तारांच्या फार जवळ आल्याने, किंवा अ‍ॅम्प्लिफायरचा मंद्र वाढवल्याने होते. 'लाकडी' हे विशेषण आम्हांला थोडेफार आवडते, कारण त्यात निदान पोकळ अंगाची जाणीव आहे. परंतु तो गुण लाकडाचा असेल तर त्याचे पैसे तांब्याच्या तारेला का मोजावेत? 'अधिक रोध म्हणजे अधिक जोर' हे आकड्याच्या वेषातले विशेषणच. तार नुसती अधिक बारीक वापरली तरी रोध वाढतो. निर्माता रोधाचा आकडा छापतो, कारण तो मोजायला सोपा. नादावर ज्याचा खरा परिणाम होतो ते प्रेरकत्व आणि गुंडाळीची अनुनादाची पट्टी क्वचितच छापली जाते.

तर मग निवड कशी करावी? आमचा पहिला सल्ला, बदलण्याआधी पंधरा दिवस थांबावे आणि एक पेचकस जवळ ठेवावा. पिकअपच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून तो खाली उतरवावा. कारखान्यातून आलेल्या गिटारीत तो अनेकदा अकारण वर असतो. उतरवल्यावर जोर घटतो, तो अ‍ॅम्प्लिफायरवर भरून काढता येतो. नाद मात्र मोकळा होतो. मग प्रत्येक तारेखालचा वेगळा स्क्रू कमीजास्त करून तारांचा तोल साधावा. तारा बदलून पाहाव्यात. चपट्या वेढ्याच्या तारा लावल्या की कित्येक गिटारी ओळखू येत नाहीत. केबल फार लांब असेल तर वरची कंपने तिथेच गळतात, तेव्हा आखूड केबल लावून पाहावी. नियंत्रणाचे पॉट अडीचशे किलोओहमचे असतील तर पाचशेचे बसवल्याने नाद उजळतो, आणि उलट केल्याने निवळतो. पॉटची किंमत पिकअपच्या मानाने नगण्य. हे सारे करूनही समाधान झाले नाही, तरच पुढचे वाचावे.

दुसरे असे की जोडी घेऊ नये, एकच घ्यावा. पोकळ गिटार वाजवणाऱ्यांपैकी बहुतेकांचा ऐंशी टक्के वेळ मानेजवळच्या पिकअपवर जातो. हा आकडा आमच्या निरीक्षणातला, शास्त्रीय नव्हे. पण आपण कोणता पिकअप खरोखर वापरतो याची नोंद आठवडाभर ठेवली तर ज्याचा त्याला कळेल. घोडीजवळचा मूळचाच राहू द्यावा. खर्च तिथेच निम्मा होतो. आमच्या सहकाऱ्याने हेच केले.

तिसरी गोष्ट जोराची. बदली पिकअपचा व्यापार सुरू झाला तो १९७२ मध्ये लॅरी डिमार्झिओच्या 'सुपर डिस्टॉर्शन'पासून. नावातच हेतू स्पष्ट आहे. भरीव गिटारीतून अ‍ॅम्प्लिफायर विव्हळायला लावण्यासाठी तो घडवला होता. या परंपरेमुळे 'बदललेला पिकअप म्हणजे अधिक जोरदार पिकअप' असा समज दृढ झाला. पोकळ गिटारीला नेमके याच्या उलट हवे. जोरदार चुंबक तारांना खेचून धरतो, त्यांचे आंदोलन दबवतो. जास्त वेढे वरची कंपने गिळतात. आणि ज्या सूक्ष्म फरकांसाठी आपण पोकळ वाद्य घेतले ते फरकच मिटतात. म्हणून कमी वेढ्यांचा, साडेसात-आठ किलोओहमच्या आतबाहेरचा हंबकर, अ‍ॅल्निको दोन किंवा पाच या प्रतीच्या चुंबकाचा, हा आमचा कौल. सिरॅमिक चुंबक मुळातच कर्कश असतो असे मात्र समजू नये. तो स्वस्त आहे आणि बलवान आहे, म्हणून बहुधा जोरदार पिकअपमध्ये घातला जातो, आणि बदनामी त्याच्या वाट्याला येते.

चौथी, आणि स्वस्त पिकअपच्या बाबतीत खरी पारखण्याची गोष्ट, म्हणजे टोपण. हंबकरवरचे चकचकीत टोपण पितळेचे आहे की जर्मन सिल्व्हरचे, हे विचारावे. पितळेच्या पत्र्यात तारेच्या हालचालीने गोल फिरणारे सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतात आणि ते वरची कंपने खाऊन टाकतात. जर्मन सिल्व्हरमध्ये हे नुकसान बरेच कमी. आशियातल्या कारखान्यांतले बरेच पिकअप 'मंद' वाटतात त्याचे कारण गुंडाळीत नसते, या पितळी टोपणात असते. कित्येकदा टोपण सोल्डर वितळवून काढून टाकले तरी मूळचाच पिकअप जागा होतो.

मेणाचा प्रश्नही समजून घ्यावा. पिकअप वितळलेल्या मेणात बुडवून काढला की वेढे आतल्या आत हलत नाहीत आणि तीक्ष्ण किंकाळीसारखा प्रतिध्वनी टळतो. जुने 'पीएएफ' मेणात बुडवलेले नसत, म्हणून 'बिनमेणाचा' हा शब्द आता गुणवाचक झाला आहे. पोकळ गिटारीत मात्र प्रतिध्वनी दोन तऱ्हेचे असतात, आणि त्यांची गल्लत होते. किंकाळी पिकअपची, ढोलासारखी घुमणारी, खालच्या स्वरातली हूल पोटाची. मेणाने पहिली आटोक्यात येते, दुसरीवर मेणाचा काडीचाही उपयोग नाही. तिच्यासाठी अ‍ॅम्प्लिफायरपासून दूर बसावे, मंद्र कमी करावा, नाहीतर पोटाच्या दोन्ही 'एफ' आकाराच्या छिद्रांत फोमचे बूच घालावे. १९५८ मध्ये गिब्सनने 'इएस-३३५'च्या पोटात मधोमध लाकडाचा ठोकळा घातला तो याच हुलीसाठी. ही हूल थांबवण्यासाठी म्हणून महागडे पिकअप विकत घेतलेले लोक आम्हांला माहीत आहेत.

मापांबाबत थोडक्यात. तारांमधले अंतर पिकअपच्या खुंट्यांमधल्या अंतराशी जुळावे. कमानदार पोटाला चौकटही वाकडी लागते, ती जुनीच वापरावी. पिकअपला जोडलेली वायर पुरेशी लांब असावी, कारण पोटात ती लांबचा प्रवास करते. आणि ती धातूच्या जाळीने मढवलेली असावी. पोकळ गिटारीच्या पोटात विद्युत आडोसा जवळजवळ नसतोच.

पी-९० की हंबकर, यावर आमच्या दोघांत एकमत नाही. पी-९० हा १९४६ पासूनचा. त्यात घरघर आहे पण टोकही आहे. आमच्यापैकी एकाला ते टोक फार प्रिय. दुसऱ्याच्या मते आपल्याकडच्या वायरिंगच्या, ट्यूबलाइटच्या आणि पंख्याच्या रेग्युलेटरच्या घरात पी-९० वाजवणे म्हणजे स्वरापेक्षा महावितरणच ऐकणे आहे. हंबकरच्या मापाचे पी-९० मिळतात, त्यामुळे लाकूड न कापता पाहता येते. वाचकांनी स्वतः पाहावे. ग्रेच घराण्याचा नाद हवा असेल तर रे बट्सने घडवलेला आणि १९५७ मध्ये लोकांसमोर आलेला 'फिल्टरट्रॉन' आहे. त्याचा रोध अवघा चार किलोओहमच्या आसपास, तरीही नाद किती उजळ. रोधाच्या आकड्याविषयी वर जे म्हटले त्याला याहून चांगला पुरावा नको. त्याचे माप हंबकरपेक्षा लहान असते हे ध्यानात ठेवावे.

नावेच हवी असतील तर कोरियाची आर्टेक, अमेरिकेतून थेट ग्राहकांना विकणारी जीएफएस, तसेच टोनरायडर, ही मंडळी पाहावीत. एका नामांकित अमेरिकन जोडीच्या किमतीत यांच्या दोन-तीन जोड्या येतात. जुन्या बाजारात तर लोकांनी 'श्रेणीवर्धना'साठी काढून टाकलेले कारखानी पिकअप याहूनही कमी दरात मिळतात. आमच्या सहकाऱ्याचा मानेजवळचा पिकअप अशाच काढून टाकलेल्यांपैकी एक आहे, अ‍ॅल्निको दोनचा, जर्मन सिल्व्हरच्या टोपणाचा. विमानाने मागवायचा असेल तर टपालखर्च आणि आयातकर आधीच हिशेबात धरावा. त्यांत स्वस्तपणा कधीकधी वाहून जातो.

स्वस्ताईची बाजू घेताना एक आक्षेप टाळता येणार नाही. हा माल स्वस्त आहे कारण तो गुंडाळणाऱ्या हातांना कमी पैसे मिळतात, असे कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य असणारच. पण ज्या मध्यम किमतीच्या गिटारींविषयी आपण बोलत आहोत, २००२ पासूनची आयबानेझची आर्टकोर मालिका घ्या किंवा एपिफोनच्या गिटारी घ्या, त्या अशाच हातांनी घडवलेल्या आहेत. गिटार त्यांची घ्यायची आणि पिकअपच्या वेळी मात्र श्रमप्रतिष्ठेची आठवण काढायची, हे आम्हांला जमत नाही. महाग कारागिरांच्या कौशल्याविषयीही आमच्या मनात किंतु नाही. सेथ लव्हरने म्हातारपणी सीमूर डंकनबरोबर बसून आपल्याच जुन्या हंबकरची पुनर्निर्मिती केली, हे काम आदराने पाहावे असेच आहे. ज्याची गिटार अखंड लाकूड कोरून केलेली आहे, ज्याला पोटाला छिद्र न पाडता मानेच्या टोकाशी तरंगता पिकअप लावायचा आहे, किंवा ज्याचे पोट ध्वनिमुद्रणावर चालते, त्याने अवश्य पैसे मोजावेत. तरंगत्या पिकअपमध्ये स्वस्त आणि चांगले असे फारसे काही आमच्या पाहण्यात आलेले नाही. प्लायवूडच्या गिटारीवर संध्याकाळी तासभर बसणाऱ्याला मात्र ही गरज आहे असे भासवणे हा व्यापार झाला.

आता बसवण्याविषयी, कारण पोकळ गिटारीत खरी परीक्षा इथेच असते. भरीव गिटारीला पाठीमागे झाकण असते; पोकळ गिटारीला नसते. पॉट, जॅक, वायरी सारे पिकअपच्या चौकोनातून किंवा 'एफ' छिद्रातूनच काढायचे आणि तिथूनच परत न्यायचे. काढण्यापूर्वी प्रत्येक पॉटच्या दांड्याला आणि जॅकच्या तोंडाला मजबूत दोरा बांधावा आणि मग आत ढकलावे. परत नेताना तोच दोरा ओढला की भाग आपापल्या भोकात येऊन बसतो. दांड्यावर घट्ट बसणारी रबरी नळीही चालते. जुनी जोडणी उसवण्यापूर्वी तिचे चित्र काढून ठेवावे. एकच पिकअप बदलताना दोन्ही पिकअप एकत्र लावल्यावर नाद पातळ आणि नाकातला झाला तर नव्याची कला उलटी आहे असे समजावे. अशा वेळी चार वायरींचा पिकअप असेल तर दोन वायरींची अदलाबदल पुरते, जाळीच्या एकाच वायरीचा असेल तर आतला चुंबक उलटा करावा लागतो. सोल्डर करण्यापूर्वी पोटावर जाड फडके पसरावे, कारण वितळलेला थेंब पॉलिशवर पडला की डाग जात नाही. काढलेला पिकअप स्क्रू आणि स्प्रिंगांसह डबीत घालून वर गिटारीचे नाव लिहावे. गिटार पुढे कधी विकायची झाली तर घेणारा सर्वप्रथम तोच मागतो.